तो बैल नाही, वळू आहे : युरोपच्या सहली काढणाऱ्यांना खुले पत्र

युरोपच्या सहली काढणाऱ्या समस्त पर्यटन संस्थांचे चालक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात तुमच्यापैकीच एका संस्थेच्या सहलीतून माझे वडील नेदरलँड्सला आले. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण कार्यक्रमपत्रिका तुम्हा सगळ्यांच्या सारख्याच असतात. मी डेल्फ्टला राहतो. त्या दिवशी सुट्टी टाकली आणि हेगमध्ये तुमच्या बसची वाट बघत उभा राहिलो. मॉरित्सहाउस संग्रहालयासाठी पस्तीस मिनिटं राखून ठेवली होती. त्यातली दहा कोट, छत्र्या आणि खाकऱ्यांच्या पिशव्या जमा करण्यात गेली. टूर मॅनेजर मुलगा मोठा गुणी, कुणाची बीपीची गोळी किती वाजता हेसुद्धा त्याला पाठ. आत शिरता शिरता तो म्हणाला, "मोत्याचा डूल घातलेली मुलगी बघायची, फोटो काढायचा, खाली यायचं. वाटेत एक मोठ्ठा बैल लागेल, तिथे थांबू नका, उशीर होतो."

वडील नेमके तिथेच थांबले.

त्यांची सगळी नोकरी नगर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. नायट्रोजनच्या टाकीतून रेतमात्रा काढायची आणि सायकलवरून, पुढे मोटरसायकलवरून, वस्त्या-वाड्यांवर जाऊन गाई भरवायच्या. चित्रकलेशी त्यांचा संबंध दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यांपुरता. पण त्या कॅनव्हाससमोर ते हात मागे बांधून उभे राहिले, बाजारात जनावर पारखताना उभे राहायचे तसे, आणि म्हणाले, "बैल कुठाय? वळू आहे हा."

"तेच हो काका," टूर मॅनेजर म्हणाला.

तेच नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. वळू ठेचला की बैल होतो, हे तुमच्या बसमधल्या निम्म्या प्रवाशांना सांगावं लागत नाही. डच भाषेतही दोन शब्द आहेत: 'स्टीर' म्हणजे वळू आणि 'ऑस' म्हणजे बैल. पाउलुस पॉटरच्या या चित्राला इथे 'दे स्टीर' म्हणतात, आणि तो वळू आहे याबद्दल चित्रकाराने पाहणाऱ्याला जराही शंका ठेवलेली नाही. अलीकडे त्याची तपासणी आणि डागडुजी संग्रहालयातच, लोकांच्या डोळ्यांदेखत चालू होती. तेव्हा असं दिसलं की पॉटरने अंडकोश आधी याहून मोठे काढले होते, मग लहान केले. वडिलांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कुणीतरी बोललं असेल त्याला."

त्या दिवशी मात्र त्यांचं निरीक्षण वेगळंच होतं. वशिंड नाही, हे तर युरोपची जनावरं म्हटल्यावर आलंच. पण ते दोन पावलं डावीकडे सरकले, परत उजवीकडे आले आणि म्हणाले, "पुढचा फरा जाणत्या वळूचा आहे. मागचा भाग पोरगेल्या खोंडाचा. हे एक जनावर नव्हे." मला वाटलं, वय झालं. घरी येऊन वाचलं, तर जाणकारांनी हेच कधीचं लिहून ठेवलेलं: पॉटरने वेगवेगळ्या वयांच्या जनावरांची रेखाटनं एकत्र करून हा वळू उभा केला. पुस्तकाशिवाय हे ओळखणारा माणूस तुमच्या गटात होता आणि त्याला "काका, बस लागलीये" म्हणून ओढून नेलं. राग नाही. पण पुढच्या सहलीआधी थोडं ऐकून घ्या.

हे चित्र १६४७ चं. तेव्हा पॉटर एकवीस-बावीस वर्षांचा होता. एन्कहाउझनमध्ये जन्मलेला, चित्रकाराचाच मुलगा. चित्राची रुंदी ३३९ सेंटीमीटर आणि उंची २३५.५. त्या काळात एवढा कॅनव्हास राजा, सेनापती, नाहीतर बायबलातल्या प्रसंगांसाठी असायचा. या पोराने तो गोठ्यातल्या जनावराला दिला. तोही एकदम नाही. आधी नुसता वळू होता. मग दोन्ही बाजूंना आणि वर कापडाच्या पट्ट्या जोडून त्याने गाय, मेंढा, मेंढी, कोकरू, झाडाला टेकलेला गवळी आणि भलंमोठं आभाळ आत घेतलं. गाय बसून आहे आणि तिची नाकपुडी ओली आहे. वळूच्या अंगावर माश्या आहेत. खाली एक बेडूक, वर चंडोल. आणि उजवीकडे लांब, गवताच्या रेघेवर, रायस्वाइकच्या चर्चचं टोक. डेल्फ्टहून हेगला येताना आजही रायस्वाइक वाटेत लागतं. म्हणजे हे कुठलं काल्पनिक गोकुळ नाही, ट्रामच्या रस्त्यावरचं कुरण आहे.

आता तुमच्या बसमधल्या माईककडे येतो. हेग सोडताना तुमचा मुलगा म्हणाला, "डच चित्रांमध्ये गाय म्हणजे समृद्धी. आपल्याकडे लक्ष्मी असते ना, तसंच. यांनाही गाय पवित्र." टाळ्या पडल्या. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. नोव्हेंबर महिन्याला डचमध्ये जुना शब्द 'स्लाख्तमांड' आहे, म्हणजे कापण्याचा महिना. हिवाळ्याची बेगमी म्हणून घरोघर जनावर पडायचं. रेम्ब्रांटने १६५५ मध्ये सोलून टांगलेला बैल काढला; तो आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. तो मात्र खराखुरा बैल, वळू नव्हे. कातडं उतरलेलं ते धूड पाहून कुणाला क्रूस आठवतो, कुणाला आपलं मरण. पण पूजा नाही.

मग काय होती ही गाय त्यांच्यासाठी? एक उत्तर नाही, आणि मला वाटतं तुमच्या माईकची अडचण तिथेच आहे.

कारेल फान मांडर नावाच्या चित्रकाराने १६०४ मध्ये चित्रकारांसाठी मोठा ग्रंथ छापला. त्यात कोणत्या आकृतीचा काय अर्थ याचीही यादी आहे, आणि त्यात गाय म्हणजे पृथ्वी. हे आपल्याला परकं वाटू नये. पुराणात पृथ्वी गाईचंच रूप घेते. दुसरीकडे चित्रकारांच्या संघाचा रक्षक संत लूक, आणि त्याचं चिन्ह पंखांचा बैल. पॉटरने १६४६ मध्ये डेल्फ्टच्या ज्या संघात नाव नोंदवलं तो संत लूकचाच. म्हणजे चित्रकाराच्या धंद्यावरच एका गोवंशीय जनावराची छाप होती. पॉटर ब्रश उचलताना हे मनात म्हणत होता असं मी म्हणत नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते एक उपहासचित्र. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्स स्पेनच्या राजाविरुद्ध उठलं होतं. त्या काळातल्या या चित्रात देश म्हणजे एक गाय. तिच्या पाठीवर स्पेनचा राजा दुसरा फिलिप बसलाय. इंग्लंडची राणी एलिझाबेथ तिला चारा घालतेय. ऑरेंजचा विल्यम, म्हणजे बंडाचा पुढारी, धार काढतोय. आणि फ्रान्सचा ड्यूक, ज्याला मोठ्या आशेने राज्यकर्ता म्हणून बोलावलं होतं, तो शेपूट धरून उभा आहे आणि गाईने त्याच्या हातावरच शेण टाकलंय. चित्राबरोबरच्या इंग्रजी पद्यात तर विल्यमने आपल्या पैशाच्या थैलीचीच चरवी केली असंही म्हटलंय. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपण म्हणतो; इथे लाथेचीही गरज पडली नाही. गाय म्हणजे समृद्धी असं सांगताना ती समृद्धी कोण पिळतंय हा प्रश्न त्या चित्रात आधीच विचारलेला होता. बसमध्ये सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही. शेणाचा उल्लेख आला की मागच्या सीटवरचे झोपलेलेही उठतात.

१६४८ मध्ये स्पेनशी तह झाला आणि देश रीतसर स्वतंत्र ठरला. पॉटरचा वळू त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणून पुढे पुष्कळांनी त्यात तरुण, माजलेला, कुणाचं जू न मानणारा देश पाहिला. पाहावा. जू मानत नाही कारण तो वळू आहे, बैल नाही. बघा, भाषांतरात एक शब्द चुकला की अख्खं प्रतीक उलटं होतं.

पण प्रतीकाआधी जमीन. तुम्ही लोकांना पवनचक्क्या दाखवता. त्या कशासाठी होत्या हे सांगता का? इथली बरीच जमीन दलदलीची. पाणी उपसलं की ती खचते, खचली की पुन्हा ओल येते, आणि ओलीत गहू धड होत नाही, गवत होतं. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला बेम्स्टर नावाचं अख्खं सरोवर पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये कोरडं केलं, शहरातल्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. गहू आणि राय नावाचं धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजं भरभरून यायची. पोटाची सोय परदेशातून झाल्यामुळे घरची जमीन गाईंना सोडणं परवडत होतं. लोणी आणि चीज उलट बाहेर जायचं. म्हणजे डच चित्रात गाय शांत रवंथ करताना दिसते, त्यामागे एक बंदर, एक धरण आणि एक हिशेबाची वही उभी असते. ती चित्रात नाही. शहरातल्या माणसाने दिवाणखान्यात लावायला चित्र घेतलं तेव्हा त्याला वहीतून सुटका हवी होती, वही नको होती.

ही सुटका विकण्यात चित्रकार निकोलास बेर्खेम पटाईत. त्याच्या गाई इटलीच्या पडक्या कमानींखाली, तांबूस संध्याकाळी, गाणाऱ्या गवळणींसोबत. आपल्या कॅलेंडरवरच्या गोकुळासारखंच काहीसं. सुंदर, पण दुधाचा वास येत नाही. आल्बर्ट काउप मात्र वेगळा. तो डॉर्ड्रेक्टचा, आणि इटलीला कधी गेलेला नसूनही इटलीचा तो सोनेरी उजेड त्याने दुसऱ्या चित्रकारांच्या कामातून उचलला आणि आपल्या गावच्या नदीवर ओतला. क्षितिज खाली घेतलं. त्यामुळे पाण्यात पाय सोडून उभी राहिलेली साधी गाय आभाळावर देवळासारखी उठून दिसते. मागे गावाचा चर्चमनोरा, शिडं, होड्या. या चित्रांवर अठराव्या शतकात इंग्रज जमीनदार इतके भाळले की त्यांतली बरीचशी तिकडे गेली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं चार गाई आणि दूध काढणारी बाई असलेलं मोठं चित्र आहे. तुमची सहल तिथेही जाते. तिथेही वीस मिनिटं असतात.

आता एक गोष्ट जी मी वडिलांना सांगितली आणि ते संग्रहालयाच्या पायरीवर बसून हसले. पॉटरने १६४९ मध्ये एका शेतवाडीचं चित्र काढलं. झाडं, माणसं, कोंबड्या, जनावरं, सगळं बारकाईने. आणि मधोमध एक गाय मुततेय. हे चित्र राजपुत्राच्या विधवेसाठी, आमालिया फान सोल्म्ससाठी केलं होतं आणि दिवाणखान्यात रोज ती धार बघायची नको म्हणून ते परत गेलं, असं सांगतात. पुढे ते जर्मनीतल्या कासेलच्या राजघराण्याकडे, तिथून लुटीत नेपोलियनच्या बायकोकडे, जोसेफिनकडे, आणि शेवटी रशियाच्या झारकडे. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. वडील म्हणाले, "आपल्याकडं त्या धारेखाली ओंजळ धरली असती, आणि इथं चित्र परत केलं." बरोबर आहे. पण मला त्यात पॉटरची शान दिसते. प्रतीक मुतत नाही. बेर्खेमची गाय मुतणार नाही. पॉटरची मुतते, कारण ती आधी गाय आहे, मग जे काय असेल ते. या माणसाच्या लग्नाच्या वेळी सासरा कुरकुरला होता म्हणे, की हा माणसं काढत नाही, नुसती जनावरं काढतो. १६५४ च्या जानेवारीत तो गेला, वय अठ्ठावीस.

जनावरं मेली तेव्हा काय झालं, हेही चित्रांत आहे, पण ती चित्रं दिवाणखान्यात कुणी लावत नाही. अठराव्या शतकात या देशावर बुळकांडीच्या मोठ्या साथी आल्या. १७४५ चं यान स्मितचं एक छापील चित्र आहे, मेलेल्या गुरांचं, आणि त्याचं शीर्षक देवाच्या प्रहार करणाऱ्या हाताबद्दल आहे. जी गाय शंभर वर्षांपूर्वी देवाची कृपा होती तीच आता देवाचा कोप. वडिलांनी नोकरीच्या सुरुवातीला बुळकांडी पाहिलेली. त्यांना शीर्षक समजावून सांगावं लागलं नाही.

आणखी एक गंमत, आपल्या लोकांना नक्की आवडेल अशी. वडील त्या दालनात काळ्या-पांढऱ्या गाई शोधत होते. एचएफचं, होल्स्टिन फ्रिजियनचं, माहेर हेच ना! १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाईचं काम खेडोपाडी पोचलं. वडिलांच्या टाकीतल्या कितीतरी मात्रांचा वंश इथल्या फ्रीसलँड प्रांताच्या कुरणांपर्यंत जातो. पण सतराव्या शतकातल्या चित्रांत गाई तांबड्या, तपकिरी, करड्या, ठिपक्यांच्या. पॉटरचा वळूही तपकिरी-पांढरा. काळ्या-पांढऱ्याचं राज्य फार पुढचं, एकोणिसाव्या शतकात वंशावळीच्या नोंदवह्या सुरू झाल्या आणि परदेशी गिऱ्हाईक आलं त्यानंतरचं. म्हणजे तुम्ही विमानतळावरच्या दुकानात जी काळी-पांढरी चिनीमातीची गाय घ्यायला लावता, तिला पॉटरने ओळखलं नसतं.

एकोणिसाव्या शतकाअखेर हेगच्याच व्हिलेम मारिस या चित्रकाराने सांगून टाकलं की मी गाई काढत नाही, प्रकाश काढतो. आणि १९१८ च्या सुमाराला तेओ फान डूसबुर्खने एका गाईची रेखाटनं टप्प्याटप्प्याने सोपी करत करत शेवटी रंगीत चौकोनांवर आणून ठेवली. चित्राच्या नावात गाय उरली, चित्रात नाही. हे तुम्ही नाही दाखवलंत तरी चालेल, त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागतं.

पण एक गोष्ट दाखवावीच लागेल, कारण ती बसच्या खिडकीतून दिसते. २०२२ पासून पुढे इथल्या गावांत राष्ट्रध्वज उलटे टांगलेले दिसायचे, आणि एकदा तुमच्या गटातल्या एका बाईंनी मला विचारलं की हा कुठला सण. सण नाही, शेतकऱ्यांचा निषेध. गाईचं मूत आणि शेण एकत्र आलं की अमोनिया, म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप, सुटतो, तो हवेतून जाऊन रानावर, माळावर बसतो, आणि ज्या वनस्पतींना गरीब माती लागते त्या मरतात. २०१९ च्या मे महिन्यात इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजनबाबतची परवानगीपद्धत रद्द केली. त्या ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये घुसले. गाई कमी करा म्हणणारे एकीकडे, आणि गाय म्हणजे आमचा देश म्हणणारे दुसरीकडे. २०२३ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला नवा पक्ष वरिष्ठ सभागृहात ७५ पैकी १६ जागा घेऊन पहिला आला. आमालियाबाईंनी परत पाठवलेली ती धार पावणेचारशे वर्षांनी पार संसदेत पोचली.

तेव्हा विनंती एवढीच. मोत्याच्या डुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. १८८१ मध्ये ते चित्र याच शहरात लिलावात दोन गिल्डर आणि तीस सेंटला गेलं होतं, त्या काळी लोक वळू बघायला यायचे, हा काळाचा महिमा. १७९५ मध्ये फ्रेंचांनी वळू उचलून पॅरिसला नेला, तो १८१५ मध्ये परत आला. एवढा मोठा कॅनव्हास कुणी उगाच वाहून नेत नाही. तुम्ही त्याच्यासमोर पंधरा मिनिटं द्या. माईक बंद ठेवा. गटात एखादा तरी माणूस असतोच, ज्याच्या घरी दावण होती. तो दात, खूर, गळ्याखालची पोळी बघत बसेल आणि बाकीचे त्याला विचारतील. त्याला बोलू द्या, टाळ्या नको.

आणि मराठी माहितीपत्रकात "पॉटरचा प्रसिद्ध बैल" असं छापलंय, ते पुढच्या छपाईत दुरुस्त करा. वडिलांनी त्या पत्रकावर पेनाने खोडून 'वळू' लिहिलंय आणि खाली, त्यांच्या जुन्या सवयीने, अंदाजे वय: "पुढून ५ वर्षे, मागून २." ती प्रत माझ्याकडे आहे. हवी असल्यास पाठवतो.

कळावे,

आपला,
डेल्फ्टमध्ये राहणारा एका पशुधन पर्यवेक्षकाचा मुलगा